वेढ्यात घेतलेले शेत

निपाणी, संकेश्वर, चिकोडी किंवा बेळगाव, आमच्या भागातल्या कोणत्याही ख्रिस्ती घरात पाऊल टाकले की समोरच्या भिंतीवर वचनाचे कॅलेंडर दिसते, आणि त्या कॅलेंडरवर नसले तर दारावरच्या पाटीवर, बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले, 29व्या अध्यायातले 11वे वचन हमखास सापडते. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते तुम्हाला भविष्य आणि आशा देणारे आहेत, असा त्याचा आशय. लग्नपत्रिकेवर तेच, दहावीला बसलेल्या पोराच्या पॅडवर तेच, रिक्षाच्या मागच्या काचेवरही तेच. वचन सुंदर आहे यात वाद नाही. पण त्याच्या आधीचे 10वे वचन कुठल्याही कॅलेंडरवर मी आजवर पाहिलेले नाही, आणि ते का छापत नाहीत हे उघड आहे.

तो सगळा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. बाबेलच्या राजाने यरुशलेमेतून धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते धाडले, आणि 10व्या वचनात त्याने त्यांना स्पष्ट सांगितले की बाबेलची 70 वर्षे भरल्याशिवाय तुमची सुटका नाही. ज्याने तिशीत हे पत्र ऐकले असेल, त्याने त्याच क्षणी मनातल्या मनात हिशेब केला असेल, आणि परतीच्या वाटेवर आपण नसणार, फार तर आपली नातवंडे असतील, हे त्याला कळून चुकले असेल. त्याच पत्रात पुढची सूचना आहे की घरे बांधून राहा, मळे लावा आणि त्यांची फळे खा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्या नगराचे हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. हिताचे संकल्प आणि आशा ही वाक्ये या सूचनांच्या नंतर येतात. म्हणजे ज्यांना ती आशा दिली गेली, त्यांतल्या बहुतेकांना ती डोळ्यांनी पाहायला मिळणार नव्हती. त्यांना मिळणार होते ते परमुलखात विहीर खणणे आणि लेकीचे लग्न ठरवणे.

वाट पाहणे हा प्रकार आमच्या भागाला शिकवावा लागत नाही. 1956 साली राज्ये भाषेवर बेतली गेली आणि आम्ही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आलो. सीमावादावर महाजन आयोग झाला, 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, आणि दरम्यान ज्यांनी तरुणपणी मोर्चे काढले त्यांची नातवंडे आता कन्नड माध्यमातून इंजिनिअरिंगच्या सीईटीची तयारी करतात आणि घरी मराठीत भांडतात. त्या वादाची बाजू मांडण्यासाठी मी हे लिहीत नाही. एवढेच म्हणायचे आहे की निकाल लागेपर्यंत माणसे थांबून राहत नाहीत, ती घरे बांधतात. आणि म्हणून यिर्मयाचे ते पत्र आमच्या मंडळीत वाचले जाते तेव्हा पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत कोणालाच ते परके वाटत नाही.

माझी आई निपाणीत विड्या वळत असे. तंबाखूच्या वखारींचे हे गाव. पावसाळा सुरू झाला की काही गल्ल्यांत भिंतीसुद्धा तंबाखूचा वास सोडतात. वडील मी शाळेत असतानाच वारले होते, त्यामुळे आमचे घर हजारी मजुरीवर, म्हणजे हजार विड्यांमागे मिळणाऱ्या पैशांवर चालत होते. संध्याकाळी कारखान्यातून आणलेली तेंदूची पाने ती भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची, आणि पहाटे दिवा लावून मांडीवर सूप घेऊन बसायची. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कात्रीने त्याच्या कडेने पान कापायचे, चिमूट तंबाखू पसरायची, दोन्ही हातांच्या बोटांनी एकाच हिसक्यात पान वळायचे, दोऱ्याचा वेढा द्यायचा आणि तोंड नखाने दुमडायचे. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आजही कोणी कात्रीने कागद कापू लागला की माझे लक्ष त्याच्या अंगठ्याकडे जाते. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, आणि चाळीस कट्टे झाले की हजार. त्यातून छाट निघायची. पान फाटके, विडी सैल, काही तरी कारण काढून मोजणारा माणूस काही विड्या बाजूला टाकायचा, त्यांची मजुरी नाही आणि त्या परतही नाहीत.

क्षयाच्या गोळ्या कोणाच्या तरी देखत घ्यायला लावणारी डॉट्सची सरकारी योजना आमच्या भागात रुळली होती त्या काळात आईचा खोकला थांबेनासा झाला. आधी तंबाखूची धूळ म्हणून तिकडे कोणी लक्ष दिले नाही, कारण वखारीत आणि विडीच्या कामात सगळ्याच बायका खोकतात. मग वजन उतरले, रात्री घामाने लुगडे भिजू लागले, आणि सरकारी दवाखान्यात बेडका तपासला तेव्हा क्षय निघाला. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे एका रुग्णाचा सगळा सहा महिन्यांचा औषधोपचार पहिल्याच दिवशी एका डब्यात घालून त्यावर त्याचे नाव लिहीत असत. तिचा डबा लाल होता. तो अंगणवाडीच्या बाईंकडे असायचा आणि एक दिवसाआड सकाळी त्यांच्या डोळ्यांसमोर मूठभर गोळ्या गिळायच्या. पहिल्याच आठवड्यात लघवी लाल-नारिंगी झाली तेव्हा ती घाबरली होती. ते गोळीमुळे होते हे अंगणवाडीच्या बाईंनीच सांगितले. उपचाराचे कार्ड कन्नडमध्ये छापलेले होते. आईला कन्नड बोलता यायचे, वाचता येत नव्हते, म्हणून शेजारची लिंगायत आक्का तिला ते वाचून दाखवायची, आणि कितव्या चौकोनात खूण पडली आहे हे बोटाने दाखवायची.

दुखण्यापेक्षा दुखण्याला भेटायला येणारी माणसे जास्त त्रास देतात, हे आजारी माणूस उघड बोलत नाही, पण त्याला ते माहीत असते. आमच्याकडे येणाऱ्यांत एक जात अशी होती की जी आल्या आल्या देवाची इच्छा म्हणून मोकळी व्हायची. देवाची इच्छा हे शब्द खोटे आहेत असे मला म्हणायचे नाही, पण ते ज्याच्या तोंडून निघतात त्याला उठून घरी जाण्याची सोय होते आणि ज्याच्या कानावर पडतात त्याचा प्रश्न तिथेच बुजवला जातो. दुसरी जात याहून वाईट. एका मोठ्या गावात मैदानावर आरोग्यदानाची सभा भरली होती आणि तिथल्या वक्त्याने गोळ्या घेणे म्हणजे विश्वास डळमळल्याची खूण आहे असे माइकवरून सांगितले होते. आमच्या ओळखीतली दोन माणसे तिथून तेलाची बाटली घेऊन आली, आणि आता तीन आठवड्यांत सगळे बरे होणार, फक्त विश्वास कमी पडू देऊ नका, असे आईला बजावून गेली.

बायबलात असा एक वक्ता आहे आणि तोही यिर्मयाच्याच पुस्तकात, 28व्या अध्यायात भेटतो. यिर्मया गळ्यात लाकडी जू घालून फिरत होता, बाबेलचे जू सोसावे लागणार याची खूण म्हणून. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर पुढे आला, त्याने जाहीर केले की दोन वर्षांच्या आत लुटून नेलेले सगळे परत येणार, आणि पुढे ते जू मोडूनही टाकले. टाळ्या कोणाला पडल्या असतील हे सांगायला नको. त्या गोष्टीत मला सर्वांत जवळचा वाटतो तो यिर्मयाचा पहिला उद्गार. तो आधी चिडत नाही. तो म्हणतो, आमेन, परमेश्वर तसे करो. म्हणजे त्यालाही दोन वर्षेच हवी होती. पण जे हवे आहे ते खरे आहे असे लोकांना सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्याला ठाऊक होते. झटपट तारखेचे आश्वासन देणाऱ्याला लोक श्रद्धावान समजतात आणि 70 वर्षे सांगणाऱ्याला निराशावादी. माझ्या मते त्या मंदिराच्या अंगणात आशा होती ती 70 वर्षे सांगणाऱ्याकडे, कारण तारीख टळली की हनन्याच्या माणसांकडे धरून ठेवायला काहीच उरणार नव्हते.

आमच्या पाळकसाहेबांनी तेलाच्या बाटलीचा विषय दोन वाक्यांत संपवला. ते म्हणाले, “बाई, प्रार्थना मी करतो, गोळ्या तुम्ही घ्या. एक जरी चुकवलीत तरी मी अंगणवाडीच्या बाईंच्या आधी तुमच्या दारात येऊन बसेन.” आणि ते खरोखर येत. बसून फार बोलत नसत. एकदा मी ऐकले, आई त्यांना विचारत होती की रात्री प्रार्थना सुचत नाही, नुसता राग येतो, हे पाप आहे का. त्यांनी पिशवीतून शास्त्र काढले आणि 13वे स्तोत्र वाचून दाखवले. हे परमेश्वरा, कोठवर, तू मला विसरूनच जाणार काय, असे ते सुरू होते, आणि कोठवर हा प्रश्न पहिल्या दोन वचनांतच चार वेळा येतो. मग त्यांनी 88वे स्तोत्र काढले. हे एक असे स्तोत्र आहे की ज्यात शेवटीसुद्धा उजाडत नाही. बाकीच्या विलापांत कुठे तरी वळण येते आणि स्तुतीचा एखादा शब्द निघतो, इथे शेवटचा शब्द अंधाराचा आहे. तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवले गेले, कोणी ते गाळले नाही. पाळकसाहेब म्हणाले की तुमचा रागही देवाच्याच दारात टाकलेला आहे, दुसऱ्या कुणाच्या दारात नाही, तेव्हा त्याची चिंता करू नका.

मराठी माणसाला हे वळण तसे अपरिचित नाही. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची बायको अन्नावाचून गेली, मूल गेले, दुकानाचे दिवाळे निघाले, आणि त्यानंतरचे त्यांचे बोलणे देवाशी भांडण्याचे आहे, कधी लाडाने, कधी अगदी तोंडावर. नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, त्याचा अर्थ मला आईच्या आजारात थोडा उमगला. ज्या भाषेत देवाला जाब विचारण्याची आधीच सवय आहे, त्या भाषेत दाविदाची स्तोत्रे फार सहज बसतात. आमच्या मंडळीत पेटी आणि टाळांवर टिळकांची भजने म्हटली जातात तेव्हा नव्याने आलेल्या पाहुण्याला आपण वारकऱ्यांच्या फडात आलो की काय असे क्षणभर वाटते. यिर्मयाही त्याच कुळातला. 20व्या अध्यायात तो देवाला म्हणतो की तू मला फसवलेस, आणि पुढे आपण जन्मलो तो दिवस शापित असो असे म्हणतो. ज्याचे वचन आपण रिक्षाच्या काचेवर लावतो तो हा माणूस आहे.

आता त्या कट्ट्यांविषयी लिहायला हवे. दुखण्याचे पहिले दोन महिने आईच्या हातात बळ नव्हते. काम सलग बंद पडले तर कारखान्याच्या नोंदीतून नाव निघण्याची भीती, आणि नाव गेले तर फंड, पुढचे पेन्शन, सगळ्यालाच धोका. मंडळीतल्या विडी वळणाऱ्या बायकांनी यावर काय ठरवले हे आम्हाला कोणी सांगितले नाही. एके दिवशी सकाळी एक मावशी आली आणि चार कट्टे सुपात ठेवून गेली. दुपारी दुसरीने तीन आणले. मग शेजारची लिंगायत आक्का, पलीकडच्या गल्लीतली एक मुसलमान खाला, अशा मंडळीबाहेरच्या बायकाही त्यात आल्या; कोणी दोन, कोणी पाच, आपापल्या हजारातून काढून. संध्याकाळी मी ते सगळे आईच्या नावाने कारखान्यात नेऊन मोजून देत असे. वळणाची धाटणी प्रत्येकीची वेगळी असते, जाणत्याला ती लगेच कळते, आणि मोजणाऱ्याला ते नक्की कळत होते. त्याने कधी विचारले नाही. छाट मात्र नेहमीइतकीच काढली.

त्या दिवसांत आईचा विश्वास टिकून होता असे मी म्हणणार नाही, कारण तीही तसे म्हणत नाही. ती म्हणते, “माझ्याच्यानं काय हुईत न्हवतं. त्या बायकांनी धरल्यालं, म्हणून ऱ्हायलं.” धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला विश्वास, आशा आणि प्रीती ही तीन वेगवेगळी समजावून सांगत, मला मात्र आशा अशी सुटी करून दाखवता येत नाही, मला ती आठवते ती सुपातल्या परक्या हातच्या कट्ट्यांच्या रूपाने. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 5व्या अध्यायात संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते अशी साखळी घातली आहे. अनेक प्रवचनांत ती एका माणसाच्या मनाची पायरी-पायरीने होणारी वाढ म्हणून समजावली जाते, जणू सोसणारा एकटाच जिना चढतो आहे. पण ते पत्र रोममधल्या मंडळीला आहे, आणि पौल तिथे ‘आपण’ असे अनेकवचनातच बोलतो. एकीचे संकट, दुसरीचा धीर, तिसरीचे शील, असे वाटून घेतल्याशिवाय ही साखळी आमच्या गल्लीत तरी कधी पूर्ण झालेली मी पाहिली नाही.

यिर्मयाच्या पुस्तकातला ज्याच्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो तो भाग 32वा अध्याय आहे. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, तटाला मातीचे चढाव लागलेले, आत दुष्काळ आणि मरी, आणि यिर्मया स्वतः राजाच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल तिथे येतो आणि म्हणतो की अनाथोथातले माझे शेत विकत घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमेच्या उत्तरेला, म्हणजे ते शेत तेव्हा बहुधा शत्रूच्या टाचांखाली होते. आमच्याकडे जमिनीच्या व्यवहारात पिढ्या घालवलेल्या कुणालाही विचारा, असा सौदा करणाऱ्याला तो शहाणा म्हणणार नाही. यिर्मया 17 शेकेल रुपे, म्हणजे चांदी, तोलून देतो. आणि मग लेखक जो तपशील देतो तो एखाद्या सबरजिस्ट्रार कचेरीतल्या लेखनिकाने द्यावा तसा आहे: खरेदीखत लिहिले, त्यावर मोहर केली, साक्षीदार ठेवले, तराजूत रुपे तोलले, एक प्रत मोहरबंद आणि एक उघडी, दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती दिल्या, आणि पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून ती खते मातीच्या मडक्यात घालून ठेवायला सांगितली.

व्यवहार झाल्यावर यिर्मया प्रार्थना करतो आणि त्या प्रार्थनेत तो स्वतःच चकित आहे. नगर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलकरांच्या, हाती जाते आहे आणि तू मला शेत घे म्हणतोस, असे तो देवाला म्हणतो. त्याला समजलेले नाही. न समजता त्याने कागद पक्का केला आहे. नगर पुढे खरोखर पडले, मंदिर जळाले, आणि यिर्मयाला तर त्याच्या मनाविरुद्ध मिसरात नेले. त्या शेतात त्याने कधी नांगर घातल्याची नोंद नाही. आईच्या लाल डब्याचा विचार करताना मला ते मडके आठवते, कारण ज्या दिवशी तिला जिना चढवत नव्हता त्याच दिवशी कोणी तरी सहावा महिनाही मोजून त्यात ठेवला होता.

क्षयावर औषध नव्हते त्या काळातही आमच्या मुलखात माणसे हे करत होती. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वानलेस 1889 साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडून इकडे आले आणि मिरजेत त्यांनी दवाखाना उभा केला. अथणी, रायबाग, चिकोडी, निपाणी इकडचा रुग्ण बैलगाडीने आणि पुढे रेल्वेने तिकडेच जात असे, आणि जुनी माणसे अजूनही मिशनचा दवाखाना म्हणूनच त्याचे नाव घेतात. मिरजेजवळच्या वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध 1943 सालचा, आणि ते आपल्याकडे पोचायला आणखी वेळ लागला. त्याआधी अशा ठिकाणी देण्यासारखे होते ते म्हणजे मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी आणि कोणी तरी अंथरूण बदलणे. किती वाचतील हे माहीत नसताना रोज अंथरूण बदलणाऱ्या त्या नर्सबाया, त्यांतल्या कित्येक आमच्याच खेड्यापाड्यांतून शिकायला गेलेल्या, माझ्या दृष्टीने हनामेलचे शेत घेणाऱ्यांत मोडतात.

आणि पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म 1858 सालचा, सह्याद्रीतल्या गंगामूळचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातला, आणि घरची भाषा मराठी. आमच्या भागातल्या माणसाला त्यांच्याविषयी थोडी जास्त आपुलकी वाटते ती यामुळेही असेल. दक्षिणेतल्या दुष्काळाच्या त्या वर्षांत आई-वडील आणि बहीण उपासमारीने गेली, 1880 साली भाऊ गेला, 1882 साली पटकीने नवरा गेला, तेव्हा त्या पंचविशीच्याही नव्हत्या आणि मांडीवर तान्ही मुलगी होती. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांचे दुःख संपले अशी कथा कोणी सांगत असेल तर ती अपुरी आहे, कारण कान जवळजवळ गेले, आप्तस्वकीयांनी आणि वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठवली, आणि अखेर 1921च्या जुलैत तीच मुलगी, मनोरमा, आईच्या आधी गेली. पण 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बायका केडगावला आणताना या बाईला उपासाचा अर्थ पुस्तकातून शोधावा लागला नव्हता. आपल्या आई-वडिलांना भूक का मारून गेली, याचे उत्तर त्यांनी कुठे दिल्याचे मला ठाऊक नाही. केडगावला त्यांनी चूल पेटवली, विहिरी खणल्या, छापखाना चालवला. बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्या शेवटपर्यंत करत होत्या. मनोरमेनंतर आठ-नऊ महिन्यांनी, 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, आणि त्यांचे सबंध बायबल छापून निघाले ते 1924 साली.

सोसण्याने माणूस उजळतो, असे सरसकट म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. सोसण्याने पुष्कळ माणसे मोडतात. आमच्या मंडळीतला एक हुशार मुलगा वडिलांच्या कर्जापायी असा कडवट झाला की तो आता चर्चच्या दारावरूनही जात नाही, आणि त्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण त्याच्या घरी कोणी चार कट्टे घेऊन गेले नव्हते. गेलो असतो तर काय झाले असते, याचा तर्क करण्यात अर्थ नाही. एवढे खरे की वधस्तंभावर येशूनेही स्तोत्राचेच शब्द घेतले, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, आणि शुभवर्तमानात त्या प्रश्नाला त्या दुपारी उत्तर आलेले नाही. तिसरा, पुनरुत्थानाचा दिवस येतो, पण वधस्तंभाचा शुक्रवार आणि तो रविवार यांच्या मधल्या शनिवारविषयी चारही शुभवर्तमाने फार थोडे बोलतात. त्या शनिवारी राहणाऱ्यांची संख्या आमच्याकडे मोठी आहे.

2019च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा आणि दूधगंगा पात्र सोडून बाहेर आल्या, यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आले आणि पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. नदीकाठच्या गावांतून माणसे भिजलेल्या गाठोड्यांसह शाळांत आणि देवळांत येऊन राहिली. त्यानंतर सात-आठ महिन्यांत टाळेबंदी आली, विडी कारखाने बंद झाले, आणि हातावर पोट असणाऱ्या बायकांचे हात रिकामे झाले. आई तोवर विड्या सोडून पेन्शनवर आली होती. विडी कामगाराचे पेन्शन म्हणजे तेव्हा महिन्याला हजाराच्या आसपास, किमान पेन्शनची रक्कम 2014 साली ठरली तीच. त्या दोन्ही वेळांना तिने घरातले तांदूळ मोजले, आम्हाला किती लागतील ते बाजूला काढले आणि उरलेले डब्याडब्यांनी गल्लीत वाटले. मी तिला म्हटले, “आणि उद्या आपलंच संपलं तर?” ती म्हणाली, “मग बघू की. तवा बी कुणी तरी बघितलंच की.” हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात अंजीर फुलत नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असे जे गाणे आहे, ते आमच्या पाळकसाहेबांनी पुरानंतरच्या रविवारी वाचले. ऊस आडवा झालेले शेतकरी बाकांवर बसले होते. आनंद करीन या शब्दाला त्यांच्यातला एकही जण आमेन म्हणाला नाही, आणि पाळकसाहेबांनीही आग्रह धरला नाही. त्यांनी वचन तिथेच थांबवले आणि उपासना आटोपून सगळ्यांना गाळ काढायला घेऊन गेले.

आईच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत हल्ली एक नवी सून येते. तिचे पहिले मूल आठ महिन्यांचे असताना तापाने गेले. मागच्या सभेत तिने सगळ्यांच्या देखत विचारले की मी इतके उपवास केले, तरी देवाने का ऐकले नाही. एका म्हाताऱ्या बाईने लगेच देवाची इच्छा म्हणायला तोंड उघडले, तेव्हा आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला थांबवले. मग तिने त्या मुलीला विचारले की तू सकाळपासून काय खाल्लेस, आणि ती काहीच बोलली नाही म्हणून सभा अर्ध्यावर थांबवून तिला भाकरी-आमटी वाढली. प्रश्नाचे उत्तर तिने दिले नाही, पुढच्या बुधवारीही देणार नाही. तिने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आठवड्याचे वार लिहून प्रत्येक वारापुढे एकेक नाव घातले आहे, त्या दिवशी त्या घरी कोणी जाऊन बसायचे याचे. शुक्रवार माझ्याकडे आहे, आणि शुक्रवारी मी तिकडे जाताना काय बोलायचे हे विचारले तर ती म्हणते, बोलू नकोस, जाताना दूध तेवढे घेऊन जा.